बाजूला कुणी बघत नाय

"उघडलं का?"

ताईंचा फोन असाच सुरू व्हायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही. हा फोन पाचोडला, त्यांच्या वहिनीला. वहिनीकडे स्वस्तातला, काच तडकलेला मोबाइल, आणि ओट्यावर येऊन उभं राहिलं तरच त्याला जेमतेम रेंज. पलीकडून उत्तर यायचं, "नाय अजून. गोल फिरायलंय." मग ताई श्वास रोखून बसायच्या. खरोखर रोखायच्या, मी समोर बसून पाहिलं आहे. बऱ्याच वेळानं वहिनी म्हणायची, "आलं बघा आता," आणि ताई श्वास सोडून माझ्याकडे वळायच्या. "लई जड झालंय, दादा. हलकं करू."

जड व्हायचा तो आमचा ब्लॉग. आम्ही सात-आठ जण मिळून तो चालवत होतो, अजूनही चालवतो. छत्रपती संभाजीनगर आणि आजूबाजूच्या गावांबद्दल ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहायचं. मी वाळूजच्या एका कंपनीत खरेदी विभागात नोकरी करतो आणि ब्लॉगवर शहरातल्या जुन्या खानावळींबद्दल लिहितो. गंगापूरचे एक निवृत्त मराठीचे शिक्षक होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. ते आपल्या बोलीत गावच्या माणसांवर लिहायचे. कॅनॉट मार्केटमध्ये दवाखाना असलेल्या एक दातांच्या डॉक्टर मॅडम प्रवासवर्णनं लिहायच्या. आम्ही सगळे हौशी. काम येणारं माणूस एकच, ताई.

ताई लिहीत नसत. पुण्याच्या कंपन्यांच्या वेबसाइटी सांभाळणं हा त्यांचा धंदा होता आणि आमचा ब्लॉग हा त्यांचा छंद. एकदम मोठं काही त्या करत नसत. आज दोन ओळींतलं अंतर वाढव, उद्या फोटोचं वजन कमी कर, परवा एखादं बटण काढून टाक. घरातली बाई पाहुणे येणार नसतानाही जशी चादर सारखी करते, तसं ते चालायचं.

पहिली कुऱ्हाड पडली ती डॉक्टर मॅडमच्या सूर्यास्तांवर. ब्लॉग उघडला की वर मोठमोठी चित्रं एकामागून एक सरकायची, आणि त्यातली बहुतेक मॅडमनी अजिंठ्याच्या घाटात काढलेली होती. ताईंनी ती एका सकाळी उडवली. मॅडम अशा रुसून बसल्या की दोन महिने त्यांनी लेखच पाठवला नाही. ताई शांत. "अहो, ती चित्रं सरकेपर्यंत पाचोडचा माणूस निघून जातो," म्हणाल्या.

ब्लॉगच्या कामासाठी मी अधूनमधून त्यांच्या सिडकोतल्या घरी जायचो. दोन खोल्या, एकट्या राहायच्या. घरात शिरलं की डोळे दिपायचे. छताला दिवे, टेबलावर दिवे, भर दुपारीही सगळे चालू. सराफाच्या दुकानात असतो तेवढा उजेड. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हटलं, "ताई, घरात कार्य आहे का?" त्या हसल्या नाहीत. "अंधार मला चालत नाय," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी बाजूची पट्टी काढली. तुम्हीही असे ब्लॉग पाहिले असतील: मधे लेख, आणि उजव्या बाजूला एक पट्टी, त्यात लेखकांची नावं, जुने लेख, सर्वाधिक वाचलेले लेख. त्या सर्वाधिक वाचलेल्यांत माझा भजीवरचा लेख कायम वर असायचा. खोटं कशाला बोलू, दिवसातून दोन-तीनदा मी तो तिथं आहे ना हे बघून यायचो. एक दिवस पट्टीच गायब. मी तरातरा सिडकोत गेलो.

"बाजूला कुणी बघत नाय, दादा," ताई म्हणाल्या.

"मी बघतो ना!"

"तुम्ही बघता, म्हणून काय सगळ्यांनी तिचं वजन वागवायचं?"

पाणी आणायला त्या उठल्या आणि त्यांचा खांदा दाराच्या चौकटीवर दाणकन आपटला. चांगला जोरात. मी उठून उभा राहिलो. त्यांनी मात्र हूं की चूं केलं नाही, एक हात चौकटीवर ठेवून आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. स्वतःच्या घरातली चौकट, रोजच्या वाटेवरची. मला ते बरं वाटलं नाही.

भिंतीवर एक फोटो होता, धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्याचा. डोळ्यांवर काळा चष्मा. मी त्याच्याकडे बघतोय हे माझ्या गप्प राहण्यावरून त्यांनी ओळखलं असावं.

"बाबा," त्या म्हणाल्या. "आमच्यात आहे ते. डोळ्याचा पडदा वाळत जातो. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं. मधलं शेवटी जातं." बीडकडे जाणारी एसटी कुठं कुठं थांबते ते सांगावं, तशा आवाजात.

मी विचारलं, "तुमचं?"

"बाजूचं गेलं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. आमचा ब्लॉग उघडा होता, उजवी बाजू पांढरी, मोकळी.

"ब्लॉगच्या ग्रुपवर सांगू नका," त्या म्हणाल्या. "मला बरंच काम उरकायचंय. आणि दया आली ना, की माणसं चुका दाखवायची बंद होतात."

त्या दिवसापासून मला ब्लॉग उघडायची भीती वाटायला लागली. बाकीच्यांना नवीन काही दिसलं की ते अंगठा पाठवायचे. मी मात्र प्रत्येक बदल दवाखान्यातून आलेल्या रिपोर्टासारखा वाचायचो. लेखाची रुंदी कमी झाली, वर्तमानपत्रातल्या एका रकान्याएवढी. वाचक म्हणाले, वा, मोबाइलवर आता किती सोयीचं झालंय. फिकट करडी अक्षरं काळी झाली. मग जाड झाली. मग एका सकाळी सगळं पान काळं आणि अक्षरं पिवळी. "डोळ्यांना किती शांत वाटतं!" असं जालन्याच्या एका बाईंनी लिहिलं, आणि खाली पाच-सात जणांनी होकार भरला. मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ते वाचत होतो. पुढ्यातलं जेवण मला जाईना.

ब्लॉग खरोखरच सुधारत होता, हीच तर पंचाईत होती. तो पूर्वी कधी नव्हता इतका झटपट उघडायचा, इतका स्वच्छ दिसायचा. पाचोडहून वहिनी आता "फिरायलंय" म्हणतच नव्हती. सगळे खूश होते आणि काय चाललंय ते मला एकट्याला ठाऊक होतं.

ताईंनी स्कूटी विकली. ग्रुपवर म्हणाल्या, पेट्रोल परवडत नाही. मी एकदा त्यांना टीव्ही सेंटरच्या चौकात रिक्षातून उतरताना पाहिलं. रिक्षावाला हात पुढे करून सांगत होता, "आपा, उधर नहीं, उधर नाली है. इधर से आओ." ताई त्याच्या आवाजाच्या दिशेनं पाय टाकत होत्या. मी हाक मारणार होतो. पण त्यांनी साडीचा पदर सारखा केला, मान ताठ केली आणि काही झालंच नाही अशा चालीनं निघाल्या, म्हणून मी थांबलो.

पुढचा फतवा निघाला तो फोटोंचा. फोटो चढवायचा असेल, तर त्यात काय दिसतं ते चार शब्दांत लिहायचंच. न लिहिलं तर ब्लॉग फोटो घेणारच नाही. लिहिलेलं पानावर दिसायचं नाही, फोटोच्या मागं दडून राहायचं. झालं, ग्रुपवर बोंबाबोंब. मॅडम प्रत्येक फोटोला "सुंदर दृश्य" असं ठोकून द्यायला लागल्या. सरांनी लिहिलं, "फोटो पाहावा." ताई सगळं परत पाठवायच्या. "काय दिसतं ते लिहा."

"अगं, पण ते दिसतंय ना!" मॅडमनी आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला.

मी घरी गेलो तेव्हा ताईंनी मला कारण दाखवलं. मोबाइल कानाशी धरून त्या बोट फिरवत होत्या, आणि मोबाइल पानावरचं सगळं वाचून दाखवत होता. फोटो आला की त्याच्यामागं दडलेले शब्द वाचायचा. "सुंदर दृश्य," मोबाइल म्हणाला. पुन्हा, "सुंदर दृश्य." ताई डोळे मिटून ऐकत होत्या.

"एवढी घाई कशाला?" मी म्हटलं. "मधलं दिसतंय ना अजून?"

मग त्यांनी बाबांची गोष्ट सांगितली.

"बाबांना दिसत काहीच नव्हतं, पण उजेड कळायचा. पहाटे उठून ओट्यावर बसायचे, उगवतीकडं तोंड करून. 'उजाडलं गं,' म्हणले की आम्ही उठायचो. आमचं घड्याळच होतं ते. एक दिवस आम्ही आमचंच उठलो. आई भाकरी थापायली होती, शाळेची वेळ होत आलती. बाबा ओट्यावर तसेच बसलेले. मला हाक मारली न् म्हणले, 'आज उजाडायला उशीर व्हायलाय का गं?' समोरच्या भिंतीवर ऊन आलं होतं, दादा. मला वाटलं चेष्टा करायलेत. मी हसले."

बाहेर कुणाचा तरी कुकर वाजला.

"दिसायचं बंद होईल, त्याला मी तयार आहे. मोबाइल वाचून दाखवतो, काम चालतं. पण उजेड तेवढा राहू दे. उजेड कळला ना, तर सकाळ सकाळ वाटते. आणि तो दिवस आपला आपल्याला कळत नाय बघा. दुसऱ्यांना आधी कळतो." असं म्हणून त्यांनी टेबलावरचा दिवा स्वतःच्या तोंडाकडे वळवला आणि डोळे न मिटता त्याच्याकडे पाहिलं. "हां. कळतोय," म्हणाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आता ठिपक्यांचं सांगतो.

सर आपले लेख जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचे. तो मजकूर ब्लॉगवर घेताना त्यातले अनुस्वार गळून पडायचे. आमच्या मराठवाडी बोलीत तर अनुस्वाराशिवाय गाडी हलत नाही: इथं, तिथं, कसं, लई झालं. गळालेले ते सगळे ठिपके ताई ओळ न् ओळ वाचून हातानं परत बसवायच्या, आणि हे सरांना माहीतही नव्हतं. मग हळूहळू ठिपके चुकायला लागले. "इथं"चं "इथ" झालं, "गंगापूर"चं "गगापूर" झालं. सर कुरकुरले, ताईंनी माफी मागितली, दुरुस्त केलं.

सरांचे एक जिवलग मित्र वारले. सरांनी त्यांच्यावर लेख लिहिला, फार जीव ओतून. शेवटचं वाक्य होतं, "त्याला अखेरचं भेटता आलं नाही, याची खंत मला जन्मभर राहील." ब्लॉगवर छापून आलं, "याची खत मला जन्मभर राहील." खाली गंगापूरच्याच कुणा टवाळानं विचारलं, "सर, कोणतं? युरिया का डीएपी?"

आम्ही हसलो. मीही हसलो, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता माझ्या लक्षात आलं की हा लेख ताईंनी दोनदा तपासून मग लावला होता, तसं त्यांनी ग्रुपवर लिहिलंही होतं.

सर खवळले. रविवारी मॅडमच्या दवाखान्यात आम्ही सगळे जमलो. दवाखाना बंद, पेशंट बसतात त्या बाकांवर आम्ही. भिंतीवर दाताच्या कवळीचं भलं मोठं चित्र. ताई सगळ्यांत शेवटी आल्या आणि मधल्या बुटक्या टेबलाला अडखळल्या. त्यावरची मासिकं खाली पडली. त्यांनी ती उचलली नाहीत. पडलेली त्यांना दिसली नाहीत, पण बाकीच्यांना तो माज वाटला असणार.

"ताई," सर म्हणाले, "आमची बोली म्हंजे काय केरकचरा हाय का? ना धड आमचं ठेवलं, ना धड पुण्याचं केलं. माझा दोस्त गेला, आन् लोक मला युरिया इचारायलेत."

"सर, चूक माझीच आहे."

"चूक एकदा व्हती. हे बघा, सगळ्या चुकांवर खुणा केल्यात म्या." सर त्यांच्या शेजारी बसले होते. छापून आणलेला लेख त्यांनी ताईंच्या बाजूनं पुढे धरला. ताई समोर बघत राहिल्या. सरांचा हात तसाच हवेत. मॅडमच्या कपाळावर आठी चढली. ताई अजून समोर, त्या कवळीच्या चित्राकडे बघत होत्या.

मी उठलो, सरांच्या हातातला कागद घेतला आणि ताईंच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला. मग सगळं त्यांच्या लक्षात आलं. कागद कुणी, केव्हापासून धरला होता, ते सगळं.

"सर," त्या म्हणाल्या, "मला ठिपके दिसत नायत हो आता. अक्षर दिसतं, पण ठिपका नाय दिसत. अंदाजानं बसवते."

पुढचं मी लिहिणार नाही. सर दारापर्यंत त्यांना धरून घेऊन गेले आणि "पोरी, आधी सांगायचं नाय व्हय?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. एरवी ते त्यांना ताई म्हणायचे.

त्यानंतर ब्लॉगवर एक गंमत झाली. आम्ही सगळे फोटोंच्या मागं लिहायला लागलो. सरांनी बाजरीच्या एका शेताचा फोटो टाकला आणि त्याच्यामागं मूळ लेखापेक्षा मोठा मजकूर: कणसं कुठं भरली, कुठं पाखरांनी टिपली, बांधावर उभी असलेली बाई कुणाची सून, तिच्या डोक्यावरच्या टोपल्यात काय असेल. मॅडमनी आपले सगळे जुने सूर्यास्त काढले आणि एकेकाचा रंग सांगत बसल्या: भाजलेल्या रताळ्यासारखा, विटेच्या भट्टीसारखा. आम्ही सगळ्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं लेखन ते असेल, आणि धडधाकट डोळ्यांच्या माणसाला ते दिसतच नाही.

पण ताईंचं सिडकोतलं घर त्याच सुमाराला सुटलं. गॅसवर दूध ठेवलं आणि ओढणीनं पेट घेतला. शेजारणीनं वेळेवर पाहिलं म्हणून हातावर निभावलं. भाऊ पाचोडहून गाडी घेऊन आला. त्या सामान भरू देत होत्या, पण दिव्यांबद्दल भांडल्या. सगळे दिवे सोबत न्यायला लावले. ब्लॉगच्या चाव्या, म्हणजे सगळे पासवर्ड, मला मिळाल्या. महिन्या-दोन महिन्यांनी फोन व्हायचा. मी घाबरत घाबरत विचारायचो, "कसं आहे?" त्या म्हणायच्या, "दिसत नाय. पण उजेड कळतो. झकास कळतो." मी फोन ठेवून बायकोला सांगायचो, उजेड कळतोय म्हणाल्या. तीही म्हणायची, मग ठीक आहे.

गेल्या हिवाळ्यात मी पाचोडला गेलो. आठवडी बाजाराचा दिवस होता, एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंत गर्दीतून वाट काढावी लागली. भाऊ मोसंबीच्या बागेत गेलेला. वहिनीनं मला आतल्या खोलीत नेलं. लाईट नव्हती. दिवस कलत आला होता, थंडी म्हणून खिडकीही लावून घेतलेली. ताई गादीवर मांडी घालून बसल्या होत्या, हातावरच्या भाजल्याच्या खुणा चादरीखाली झाकून.

"या दादा. बसा. बरं झालं आलात, एक काम आहे," त्या म्हणाल्या, आणि लगेच मोबाइल सुरू केला. सरांचा नवा लेख त्यातून बोलायला लागला. तो आवाज आमची बोली अशी वाचत होता, की परमुलखातून बदली होऊन आलेला कंडक्टर गावांची नावं पुकारतोय.

"ऐका. लेखकाचं नाव दोनदा येतंय. एकदा वर, एकदा फोटोच्या आधी. डोळ्यांनी वाचणाऱ्याला कळत नाय, पण ऐकणारा अडखळतो. खालचं काढून टाका."

"काढतो."

"आणि तारीख नावाच्या नंतर घ्या. आधी माणूस कळू द्या."

खोलीतला अंधार दाट होत गेला. मला त्यांचा चेहरा नीट दिसेनासा झाला. त्या मात्र रंगात आल्या होत्या, कोणत्या पानावर काय हलवायचं ते बोटावर मोजत सांगत होत्या. वहिनी चहा घेऊन दारात आली.

तेवढ्यात लाईट आली. ताईंच्या डोक्यावर सिडकोतून आणलेला मोठा दिवा होता, तो भक्कन लागला. माझे डोळे दिपले. वहिनीनं कपबशी सावरत डोळे बारीक केले. ताईंच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला होता, उघड्या डोळ्यांवर, कपाळावरच्या टिकलीवर.

"...आणि लेख शोधायची चौकट वर घ्या," त्या सांगत होत्या. "खालपर्यंत कोण जातंय ऐकत? वर घेतली की पहिल्यांदा तीच लागेल."

मी हो म्हटलं. वहिनी दारातच थांबली होती. तिनं आधी दिव्याकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग माझ्याकडे. तिच्या हातातली बशी वाजायला लागली, तशी तिनं ती दुसऱ्या हातानं दाबून धरली. ताई अजून शोधायच्या चौकटीबद्दलच बोलत होत्या.

बऱ्याच वेळानं पलीकडच्या गल्लीत लाईटवर चालणारी पिठाची गिरणी सुरू झाली. तिचा पट्टा फटफट आवाज करत फिरायला लागला. ताई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी मान वर केली, छताकडे, आणि छान हसल्या.

"लाईट आली बघा," त्या म्हणाल्या. "उजेड मला लगेच कळतो, दादा."

"व्हय वन्सं," वहिनी म्हणाली. "आत्ताच आली."